नवरंगाच्या फोटोसाठी पाचोळ्यात बसताना

दिवाळी सरली की सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या रानांत दोन प्रकारचे पाहुणे उतरू लागतात. पहिले हिमालयाच्या पायथ्याकडून आणि मध्य भारतातून उडत आलेले. दुसरे त्यांच्या मागावर पुण्या-मुंबईहून गाडी हाकत आलेले, खांद्यावर हातभर लांबीची लेन्स. या दोघांची गाठ झाडाच्या शेंड्यावर पडत नाही, ती पडते जमिनीवरच्या पाचोळ्यात. त्याच पाचोळ्यात त्या महिन्यांत एक तिसरा जीवही असतो. खसखशीच्या दाण्याहून थोडे मोठे, गोचिडीचे पिल्लू. फोटो काढणाऱ्यांना हल्ली पक्ष्यांची माहिती उत्तम असते, कॅमेऱ्याची त्याहून उत्तम असते. पाचोळ्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. डॉक्टर म्हणून मला त्यातच जास्त रस आहे.

या दिवसांत सगळ्यांना हवा असलेला पक्षी म्हणजे नवरंग. साळुंकीपेक्षा जरा लहान, गुटगुटीत, आखूड शेपटीचा. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढे. हिरवी पाठ, बदामी पोट, पांढरा गळा, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, पंखावर चमकता निळा डाग आणि शेपटीखाली किरमिजी लाल. एवढे रंग अंगावर घेऊनही तो दिसत नाही, कारण उभ्या माणसाला वरून दिसते ती फक्त हिरवी पाठ आणि ती सावलीत विरून जाते. आवाज मात्र लपत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणी कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात, ते यामुळेच. पावसाळ्याच्या तोंडावर तो उत्तर आणि मध्य भारतात, आपल्याकडे विदर्भात आणि सह्याद्रीच्या काही भागांत घरटे करतो. पाऊस संपला की दक्षिणेकडे सरकतो, थेट श्रीलंकेपर्यंत. काही नवरंग हिवाळाभर गोव्यात आणि दक्षिण कोकणात राहतात, बाकीचे इथे थांबून पुढे जातात.

त्याच रानात हिमालयातून आलेला, निळ्या पाठीचा आणि शेंदरी छातीचा एक छोटा रॉबिन असतो. तो नवरंगापेक्षाही लाजरा. ओढ्याकाठच्या झुडपांच्या बुंध्याशी, जिथे भर दुपारी संध्याकाळ वाटते तिथे तो वावरतो. दिवसभरात चार सेकंद दिसला तरी नशीब समजावे. हे दोन्ही पक्षी एकाच पद्धतीने जेवतात. चोचीने पान उलटायचे, खालचा किडा किंवा गांडूळ उचलायचे, दोन उड्या मारायच्या, थबकायचे, पुन्हा पान उलटायचे.

हे जेवण किती मोलाचे आहे ते कळायला स्थलांतराचे शरीरशास्त्र थोडे पाहावे लागते. लांबच्या प्रवासाचे इंधन म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून चार. शिवाय ग्लायकोजेन साठवायला बरोबर भरपूर पाणी लागते, चरबीला जवळजवळ लागत नाही. उडणाऱ्याला वजनाचा हा हिशेब महत्त्वाचा. म्हणून निघण्याआधी काही आठवडे पक्षी अधाशासारखे खातात. काही छोट्या पक्ष्यांचे वजन दीडपट, क्वचित दुप्पट होते. माणसाने असे खाल्ले तर तो यकृतात चरबी आणि रक्तात साखर घेऊन माझ्या ओपीडीत येतो. पक्षी ती चरबी काही रात्रींत जाळून मोकळा होतो. आपण जोरात धावतो तेव्हा स्नायूंना मुख्यतः साखर लागते, चरबी तेवढ्या वेगाने स्नायूंपर्यंत पोचत नाही. पक्ष्यांचे स्नायू मात्र पूर्ण ताकदीने काम करत असतानाही बहुतांश चरबीवर चालतात. रात्रभर पंख हलवत ठेवणे त्यामुळेच जमते, आणि लहान रानपक्षी प्रवास बहुधा रात्रीच करतात.

याहून थक्क करणारी गोष्ट आतड्यांची आहे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात काही जातींच्या पक्ष्यांची आतडी आणि यकृत चक्क आक्रसतात. बरोबर नेण्याचे ओझे कमी होते आणि त्या पेशींतली प्रथिनेही वापरली जातात. मग मुक्कामावर उतरलेल्या पक्ष्याला भूक कितीही असली तरी पहिल्या एक-दोन दिवसांत वजन फारसे वाढवता येत नाही. आधी पचनसंस्था दुरुस्त व्हावी लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला आम्ही एकदम भरपेट जेवू घालत नाही, हळूहळू वाढवत नेतो. कारणे अगदी एकसारखी नाहीत, पण मला ती खाट आठवते. नुकताच उतरलेला नवरंग हा त्या अर्थाने आजारातून उठणारा जीव आहे. त्याला शांतता आणि वेळेवर खाणे हवे असते. खाण्याची त्याची मुख्य वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, आणि नेमकी तीच फोटो काढणाऱ्यांची वेळ.

आता आपण काय करतो ते पाहा. पक्षी झुडपात शिरला की चौघे जण चार बाजूंनी पुढे सरकतात. तो उडतो, वीस मीटरवर बसतो, पुन्हा चौघे पुढे. पक्षी उडाला तेव्हाच त्याला त्रास झाला असे समजणे चुकीचे आहे. तो आधीच सावध झालेला असतो. मान वर, शरीर ताठ, खाणे बंद. चांगल्या प्रकाशात काढलेल्या कितीतरी ‘रुबाबदार’ फोटोंतला पक्षी खरे तर घाबरून थिजलेला असतो. पान उलटताना, चोचीत गांडूळ धरून उभा असलेला नवरंग मला त्यापेक्षा लाखपटीने चांगला वाटतो. तो फोटो सांगतो की छायाचित्रकार तिथे असून नसल्यासारखा होता.

दुसरी खोड मोबाइलवर आवाज वाजवण्याची. नवरंग हिवाळ्यातही आपला छोटा पट्टा धरून एकटा राहतो, आणि त्यात दुसऱ्या नवरंगाची शीळ ऐकू आली की जाब विचारायला येतो. म्हणून स्पीकरवर शीळ लावली की पक्षी समोर हजर होतो आणि फोटो मिळतो. पण जो शत्रू अस्तित्वातच नाही त्याला हाकलण्यासाठी त्या जिवाने जेवणाची वेळ सोडलेली असते. एका गटाने दहा मिनिटे वाजवले तर कदाचित फार बिघडत नसेल. पण गाइडला ठाऊक असलेली जागा एकच असते आणि मोसमात रोज सकाळी तिथे नवा गट येतो. पक्षी तोच. पावसाळ्यात घरट्याजवळ हा उद्योग करणे तर मला सरळ निर्दयपणा वाटतो. घरट्यावर काढलेले फोटो अनेक छायाचित्र स्पर्धा आता स्वीकारत नाहीत, हे चांगले झाले. अभयारण्यात फोटोसाठी शिरायचे तर वनखात्याची परवानगी लागते, ही तरतूद १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे.

उपाय जुनाच आहे. लपण करून बसणे. आपल्याकडचे जुने निरीक्षक हा शब्द वापरत, आता त्याला ‘हाइड’ म्हणतात. कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडीला पक्ष्यांच्या आंघोळीसाठी पाण्याची छोटी भांडी मांडलेली आहेत, आणि लोक थोड्या अंतरावर गप्प बसून तासन् तास वाट पाहतात. पक्षी आपल्या मर्जीने येतो, न्हातो, जातो. पाण्यावर येणारे पक्षी संध्याकाळ कलताना जास्त येतात. जिथे अशी सोय नाही तिथे ताजा उलटलेला पाचोळा शोधावा. वरचा थर कोरडा, मध्येच ओलसर काळ्या बाजूने वर आलेली पाने दिसली तर तिथे कोणीतरी नुकतेच जेवून गेले आहे. त्या जागेपासून पंधरा-वीस मीटरवर, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसावे आणि हलू नये. वीस मिनिटांनी रान तुम्हाला विसरते. प्रकाश कमी असतो म्हणून अनेक जण फ्लॅश काढतात. त्याची गरज पडत नाही. नवरंग दोन उड्यांच्या मध्ये पुतळ्यासारखा थबकतो. त्या क्षणी सेकंदाचा साठावा भाग एवढ्या मंद शटरवरही फोटो स्वच्छ येतो, फक्त कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकलेला हवा. आवाज न करणारे शटर असेल तर तेच वापरावे.

आणि इथेच पाचोळ्यातल्या तिसऱ्या जिवाशी गाठ पडते. जमिनीवरच्या पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतला तरच तो जिवंत वाटतो, हे कोणीही छायाचित्रकार सांगेल. नवरंगाचा डोळा जमिनीपासून वीतभरही उंच नसतो. म्हणजे फोटो काढणाऱ्याने पालथे पडायचे. हनुवटी पाचोळ्यात, कोपर पाचोळ्यात, तास-दोन तास न हलता. पक्ष्याच्या दृष्टीने हीच सर्वांत सभ्य पद्धत. गोचिडीच्या दृष्टीने याहून चांगली मेजवानी नाही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिशीचा एक तरुण आमच्याकडे दाखल झाला. चार दिवस १०३ ताप, डोके फुटेल असे दुखणे, पाठ आणि पिंढऱ्या इतक्या दुखत होत्या की कूस बदलताना कण्हत होता. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही कमी. बाहेर डेंग्यू म्हणून उपचार सुरू झाले होते आणि डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली होती. मी विचारले, “जंगलात गेला होतात का?” “नाही सर,” तो म्हणाला. पलीकडे त्याची आई बसली होती. ती म्हणाली, “अरे, सांग ना डॉक्टरांना, त्या पक्ष्याच्या फोटोला गेला होतास ते.” मग कळले. दोडामार्गकडच्या एका काजूबागेत दोन सकाळी तो नवरंगासाठी पालथा पडून होता. “पण सर, जंगलात फिरलो नाही मी. एका जागी पडून होतो फक्त.” नमुना पाठवला, माकडताप निघाला. मुलगा बरा झाला, पण पुढचा महिनाभर जिना चढताना दम लागत होता.

त्याचे उत्तर खोटे नव्हते. जंगल म्हणजे वाघ, दाट झाडी, अभयारण्याची कमान, असे आपल्या डोक्यात असते. काजूबाग म्हणजे जंगल हे शहरातल्या माणसाला सुचत नाही. म्हणून मी आता प्रश्न बदलला आहे. गेल्या पंधरा दिवसांत पाचोळ्यावर बसलात का, असे विचारतो.

माकडतापाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. तपास करायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ गेले. हीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. त्यांना जो विषाणू सापडला तो रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद होता. सायबेरियाकडचा विषाणू शिमोग्यात कसा? संशय गेला दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर रोग इथे आला असेल का? हे तपासायचे तर कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो ते आधी कळायला हवे होते, आणि भारतात तशी माहिती जवळजवळ नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९मध्ये डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. आपल्या देशात पक्षी-स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास उभा राहिला तो असा, एका तापाच्या पाठोपाठ.

पक्ष्यांनी हा विषाणू सायबेरियातून आणला याचा पुरावा मिळाला नाही. पुढे जनुकीय अभ्यासात त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक सौदी अरेबियात, अलखुर्मा या नावाने सापडला. तरीही कुठे पक्षी मेलेला दिसला की स्थलांतरित पाखरांवर बोट दाखवायची सवय आपल्याला अजून आहे. माकडतापाचे कारण शोधायचे तर आकाशाकडे पाहून काही मिळणार नाही, ते जमिनीवर आहे.

हा विषाणू मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाच्या गोचिडीत राहतो. तिच्या आयुष्यात तीन जेवणे. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी उंदीर, चिचुंद्री किंवा जमिनीवर वावरणाऱ्या एखाद्या पक्ष्याचे रक्त पिते. मग खाली पडून कात टाकते आणि आठ पायांचे पिल्लू होते. हे पिल्लू पुन्हा लहान प्राणी, पक्षी, माकड किंवा माणसाला चिकटते. शेवटी मोठी झालेली गोचीड गुरांसारख्या मोठ्या जनावरावर पोट भरते आणि अंडी घालते. माणसाला रोग देणारी अवस्था म्हणजे मधली. ही पिल्ले साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात आणि खालच्या झुडपांच्या पानांवर वाट पाहत असतात. कोकणात काजू गोळा करण्याचा, सरपण आणि पातेरा आणण्याचा हाच काळ, आणि पक्षी पाहणाऱ्यांचाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्गात २०१६मध्ये माकडतापाचा उद्रेक झाला तेव्हा सर्वांत जास्त भरडले गेले ते काजूबागेत राबणारे लोक. छायाचित्रकार दोन दिवसांसाठी येतो. त्या बागेतली बाई चार महिने रोज वाकून काजू वेचते. गाइडला आणि बागेच्या मालकाला पैसे देताना हेही लक्षात असू द्यावे, आणि आपल्या बॅगेतले गोचीडविरोधी मलम त्यांच्यासाठी एक जास्तीचे न्यावे.

रानात मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ जाऊ नये, फोटोसाठीही नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि ती जागा काही काळ सर्वांत धोक्याची असते. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवावे आणि त्या दिवशी दुसरीकडे जावे.

गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप येतो, तोही एकदम. थंडी, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, मग उलट्या, जुलाब. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक जण दोन आठवड्यांत सावरतात. दहातल्या एक-दोघांना मात्र मधले काही दिवस बरे वाटून ताप उलटतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो. घोर डोकेदुखी, हातांना कंप, बरळणे. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. पाणी, रक्तदाब, रक्तस्राव यांकडे वेळेवर लक्ष दिले तर माणूस वाचतो. जुन्या लसीचा परिणाम समाधानकारक नव्हता, तिचा वापर थांबला आहे आणि नव्या लसीवर काम सुरू आहे. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. रोग माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी रुग्णापासून दूर पळण्याचे कारण नाही.

मग पालथे पडायचेच नाही का? माझे मत सांगतो. डिसेंबर ते मे या काळात माकडतापाच्या पट्ट्यात तरी पडू नये. हल्लीच्या कॅमेऱ्यांना फिरता स्क्रीन असतो. कॅमेरा जमिनीवर पिशवीवर ठेवावा, आपण वीतभर उंच घडीच्या स्टुलावर बसावे आणि वरून स्क्रीनकडे पाहत फोटो घ्यावा. पक्ष्याच्या डोळ्यांची उंची मिळते आणि आपली छाती पाचोळ्यावर नसते. स्टुलाखाली फिक्या रंगाचे प्लॅस्टिक अंथरावे. त्यावर चढलेली गोचीड दिसते तरी. कपड्यांबाबत फोटोवाल्यांचा आणि माझा नेहमी वाद होतो. त्यांना हिरवे-करडे कपडे हवेत, मला फिके, कारण गडद कापडावर ते पिल्लू दिसतच नाही. तडजोड अशी की अंगात खाकी शर्ट घाला, पण पँट फिकी असू द्या आणि तिचे पाय मोज्यांत खोचा. ते विनोदी दिसते, पण नवरंग हसत नाही. उघड्या त्वचेला आणि मोज्यांवर डीट असलेले मलम किंवा डीआरडीओने विकसित केलेले डीईपीए तेल लावावे. लेन्सला मात्र त्याचा हात लागू देऊ नये, काही प्लॅस्टिकवर डीटचे डाग पडतात.

परत आल्यावर गाडीच्या सीटवर बसण्याआधी कपडे झटकावेत. मुक्कामावर पोचताच साबणाने आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत. मग आरशासमोर नीट पाहावे. काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कंबरपट्ट्याची रेघ, कानामागे, केसांच्या कडेला. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर, सावकाश ओढावी. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी हे सगळे उपाय मी रुग्णांच्या अंगावर पाहिले आहेत आणि सगळे वाईट आहेत. चिडलेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडते. बोटांनी चिरडूही नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख मोबाइलमध्ये नोंदवावी. फोटोवर तारीख आपोआप पडते, तशी ही पडत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे: अमुक तालुक्यात, अमुक दिवशी पाचोळ्यावर बसलो होतो. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या डॉक्टरला या एका वाक्याने दोन दिवसांचा शोध वाचतो. पहिल्या काही दिवसांत रक्ताची आरटी-पीसीआर तपासणी विषाणू दाखवते, नंतर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. म्हणून तारीख महत्त्वाची.

पावसाळ्यात चित्र बदलते. तेव्हा नवरंग विदर्भात आणि सह्याद्रीत घरटी करत असतो, आणि जून उजाडला की कर्नाळ्यापासून मेळघाटापर्यंत लोक त्याच्या शिळेमागे जातात. त्या दिवसांतला पाचोळ्यातला धोका वेगळा. चिगर नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्याची अळी चावून स्क्रब टायफस होतो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने बराच त्रास दिला होता. ताप, डोकेदुखी, अंगदुखी इथेही तीच. खूण एक वेगळी. चावल्याच्या जागी सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली पडते, न दुखणारी, न खाजणारी. ती काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली असते म्हणून रुग्णाला माहीत नसते आणि घाईत असलेल्या डॉक्टरलाही दिसत नाही. माकडतापापेक्षा इथली मोठी सोय म्हणजे औषध आहे आणि ते स्वस्त आहे. डॉक्सीसायक्लिन वेळेवर सुरू केले तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत मजल जाते.

सापांबद्दल एकच. कोकणातल्या पाचोळ्याच्या रंगात फुरसे जसे मिसळते तसे दुसरे काही मिसळत नसेल. बसण्याआधी काठीने जागा चाळवावी, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे-मागे सरकत जाऊ नये. चावलाच तर अवयव न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. फुरशाच्या विषावर आपली नेहमीची प्रतिसर्पविष लस चालते.

आता पाचोळ्यापर्यंत न पोचलेल्या नवरंगांविषयी. येताना आणि परतताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पावसाच्या तोंडावर, मुंबईसारख्या शहरांतही घराच्या गॅलरीत किंवा जिन्यात एखादा थकलेला नवरंग सापडतो. कधी रात्रीच्या दिव्यांनी भांबावून, कधी काचेवर आपटून. लोक गोळा होतात, मोबाइल निघतात, कोणी चोच उघडून पाणी घालते. तेवढे टाळावे. ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी आपल्या हातात मरतो. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून त्याला ठेवावे, झाकण लावावे आणि खोके अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून दार ओढून घ्यावे. दर दहा मिनिटांनी डोकावू नये. दिवस असेल तर तासा-दोन तासांनी, रात्र असेल तर उजाडताना, कावळे आणि मांजरे नसलेल्या झुडपाजवळ खोके जमिनीवर ठेवून झाकण काढावे आणि दूर व्हावे. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा झाकण काढल्यावरही तो उठत नसेल, तर महाराष्ट्र वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. हात आधी आणि नंतर साबणाने धुवावेत. बरा असेल तर तो एकदम उडत नाही. खोक्याच्या कडेवर येतो, मान तिरकी करून खाली पाहतो आणि टुणकन उडी मारून जवळचे पहिले पान उलटतो.